ट्रॉलीवरील गुंडाळी छत : हँडलचे की मोटारीचे?

ट्रॅक्टरमागची ट्रॉली शेतकऱ्यासाठी केवळ वाहन नसते. मळणीनंतर ती काही तासांचे गोदाम होते, खरेदी केंद्रावर रांगेत उभी असताना ती मालाची राखणदार होते आणि भाजीपाला उत्पादकाच्या हाती ती चालते-फिरते दुकानही होते. या तिन्ही कामांत ऊन, पाऊस आणि वारा यांच्यापासून माल वाचवायचा असतो. आजवर ते काम एक ताडपत्री आणि चार दोर यांच्यावर भागत असे. आता पाइपवर गुंडाळले जाणारे छत बसविण्याकडे कल वाढत आहे. ते छत हँडलने फिरवायचे की मोटारीने, हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. चुकीची निवड केल्यास पैसा जातो तो जातोच, शिवाय नेमक्या वेळी छत उघडतही नाही आणि मिटतही नाही.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी छत्तीसगडमधील भिलाई-दुर्ग परिसर हे चांगले उदाहरण आहे. सोव्हिएत संघाशी १९५५ मध्ये झालेल्या करारातून येथे पोलाद कारखाना उभा राहिला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्याबरोबर सेक्टरांची मोठी वसाहत वाढली आणि भोवतालच्या भाजीपाला उत्पादकांना दाराशीच गिऱ्हाईक मिळाले. दुर्ग जिल्ह्यातील धमधा भाग टोमॅटोसाठी ओळखला जातो. उर्वरित बहुतेक शेतजमीन धानाची आहे. सुपेल्याचा रविवारचा बाजार आणि तेथील आकाशगंगा भाजी मंडई येथे या भागातील माल येतो. मुंबई-कोलकाता महामार्ग शहरातून जातो आणि राजनांदगाव, देवरीमार्गे तोच पुढे भंडारा, नागपूरकडे येतो. पीक, हवामान आणि वाहतुकीची साधने या बाबतींत गोंदिया-भंडाऱ्याचा शेतकरी आणि दुर्गचा शेतकरी यांच्यात फारसा फरक नाही. म्हणून भिलाईच्या परिसरातील हिशेब पूर्व विदर्भालाही जवळजवळ तसाच लागू पडतो.

पणाला काय लागलेले असते?

छत्तीसगडमध्ये धानाची सरकारी खरेदी साधारणपणे नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत चालते. ४० किलोचे १०० कट्टे एका ट्रॉलीत भरले, तर तो ४० क्विंटल माल झाला. २०२३-२४ च्या हंगामापासून राज्यात मिळत असलेल्या क्विंटलला ३,१०० रुपये या दराने त्याची किंमत १,२४,००० रुपये होते. खरेदीत धानाचा ओलावा १७ टक्क्यांपेक्षा अधिक चालत नाही. डिसेंबर-जानेवारीत पश्चिमी विक्षोभामुळे एखादी अवकाळी सर आली आणि ट्रॉली उघडी राहिली, तर केलेली वाळवणी वाया जाते, टोकनचा दिवस हातचा जातो आणि कट्टे उतरवून पुन्हा पसरण्याची मजुरी अंगावर पडते.

भाजीपाल्याचे नुकसान अधिक शांतपणे होते. तोडलेल्या भाजीचा श्वसनाचा वेग तापमान १० अंश सेल्सिअसने वाढल्यास साधारण दोन ते तीन पट होतो. दुर्ग-भिलाईत मे महिन्यात पारा अनेकदा ४४ अंशांच्या वर जातो. उघड्या ट्रॉलीतील पालक, लालभाजी किंवा कोथिंबीर अशा उन्हात दुपारपर्यंत माना टाकते. टोमॅटो सुरकुतत नसला तरी त्याचे विक्रीयोग्य दिवस कमी होतात. येथे छत हा सजावटीचा भाग राहत नाही. मालाच्या काढणीपश्चात काळजीतील ती पहिली पायरी ठरते.

एक नाव, दोन कामे

निवड करण्यापूर्वी छताकडून नेमके कोणते काम हवे आहे ते ठरवावे, कारण बाजारात दोन वेगळ्या वस्तू एकाच नावाने विकल्या जातात.

पहिली वस्तू म्हणजे मालावरचे आच्छादन. ट्रॉलीवर तीन-चार अर्धगोल कमानी असतात. एका फाळक्यालगत कापडाची एक कड पक्की केलेली असते आणि दुसरी कड पाइपला जोडलेली असते. पाइप फिरवला की तो कमानींवरून गडगडत दुसऱ्या बाजूला जातो आणि माल झाकला जातो. उत्तर अमेरिकेत मका-सोयाबीन वाहणाऱ्या ट्रेलरवर अशी आच्छादने सर्रास दिसतात. तेथे हँडलची आणि मोटारीची अशी दोन्ही वापरात आहेत.

दुसरी वस्तू म्हणजे बाजूला पडवीसारखे पुढे येणारे छत. हे मूळचे सहलीच्या फिरत्या घरांवरचे. ट्रॉली उभी केल्यावर ते बाहेर काढायचे आणि त्याच्या सावलीत भाजी मांडून विकायची. त्याला पुढच्या बाजूला दोन पाय असतात किंवा कोपरात मुडपणारे स्प्रिंगचे दोन हात असतात. हे छत उघडे ठेवून ट्रॉली कधीही हलवू नये.

आच्छादन दिवसातून दोनदा उघडावे लागते. पडवीचे छत बाजाराच्या दिवशी चार-सहा वेळा उघड-मीट होते. पुढचा बहुतेक विचार या एका फरकावर अवलंबून आहे.

महाराष्ट्रातील शेतकऱ्याला हँडलच्या यंत्रणेची ओळख नव्याने करून द्यावी लागत नाही. पॉलिहाऊसच्या बाजूचे पडदे वर-खाली करण्यासाठी पाइपच्या टोकाला जी गिअरपेटी आणि हँडल असते, तीच यंत्रणा येथे थोडी मजबूत करून वापरली जाते. पेटीतील आटेदार दांडा दातेरी चाकाला फिरवतो. परंतु चाकाकडून दांडा सहसा फिरत नाही. म्हणून हँडल सोडले तरी कापड आहे तेथेच थांबते. गिअर झिजला तर नेमका हाच गुण नाहीसा होतो. त्यामुळे हँडल सोडल्यावर पाइप किंचितही मागे सरकत असेल, तर पेटी ताबडतोब बदलावी.

वाऱ्याचा हिशेब

विक्रेत्याच्या माहितीपत्रकातील छायाचित्रे नेहमी निरभ्र आकाशाखालची असतात. छताची परीक्षा मात्र वैशाखातील संध्याकाळच्या वावटळीत होते.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ३ मीटर लांब आणि २ मीटर रुंद, म्हणजे ६ चौरस मीटरचे छत धरू. ताशी ४० किलोमीटरचा वारा समोरून पूर्ण भिडला, तर त्यावर साधारण ४६ किलो वजनाइतका जोर येतो. ६० किलोमीटरला तो १०४ किलो आणि ८० किलोमीटरला सुमारे १८५ किलो होतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. छत आडवे असल्याने प्रत्यक्षातला जोर वाऱ्याच्या दिशेनुसार कमी असतो. पण खालून शिरलेला झोत कापडाला शिडासारखा फुगवतो, तेव्हा हे आकडे फार दूरचे राहत नाहीत.

युरोपात अशा छतांसाठी ईएन १३५६१ हे मानक आहे. त्यात वारा सहन करण्याच्या क्षमतेनुसार वर्ग पाडलेले आहेत. दुसऱ्या वर्गाचे छत ताशी २९ ते ३८ किलोमीटरच्या वाऱ्यापर्यंत, तर तिसऱ्या वर्गाचे ३९ ते ४९ किलोमीटरपर्यंत टिकावे अशी अपेक्षा असते. शेतावर वेगमापक नसतो. पण पानांनी भरलेली लहान झाडे डोलू लागली की वारा दुसऱ्या वर्गाच्या पट्ट्यात आला असे समजावे. मोठ्या फांद्या हलू लागल्या आणि छत्री धरणे अवघड झाले, म्हणजे तिसरा वर्ग. त्यापूर्वीच छत मिटलेले असावे.

पावसाचे ओझे याहून फसवे असते. ६ चौरस मीटरच्या कापडावर सरासरी १ सेंटीमीटर पाणी साचले, तरी ते ६० लिटर, म्हणजेच ६० किलो होते. कापड मधोमध झोळीसारखे लोंबले की पाणी आणखी साचते आणि मग पाइप वाकतो. यावर उपाय मोटारीतही नाही आणि हँडलमध्येही नाही. तो उतारात आहे. चार फुटांना एक फूट, म्हणजे सुमारे १४ अंशांचा उतार असेल तर पाणी थांबत नाही. दोन पायांच्या छतात एक पाय आखूड करून हा उतार सहज साधता येतो. स्प्रिंगच्या हातांच्या स्वस्त छतांत तो अनेकदा साधत नाही. खरेदीपूर्वी याची खात्री करावी.

मोटारीच्या बाजूने सर्वांत जास्त सांगितला जाणारा मुद्दा येथेच येतो : वारा आला की कळ दाबली आणि छत मिटले. हा मुद्दा खरा आहे, पण अर्धाच. कळ दाबायला माणूस जवळ हवा आणि बॅटरी जिवंत हवी. छताच्या पुढच्या कडेला लावलेले कंपन ओळखणारे यंत्र माणसाविनाही छत मिटवू शकते; मात्र त्यालाही वीज लागतेच. माणूस जवळ असेल तर ६ चौरस मीटरचे छत हँडलनेही दोनेक मिनिटांत मिटते. आणि माणूस जवळ नसेल, तर दोन्ही प्रकारांत छत आधीच मिटून जाणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे.

मोटारीला काय लागते?

ट्रॅक्टरची बॅटरी १२ व्होल्टची असते, म्हणून ट्रॉलीवरची मोटारही १२ व्होल्टचीच घ्यावी. घराच्या गच्चीवरील छतांसाठी मिळणारी २३० व्होल्टची मोटार इन्व्हर्टर लावून ट्रॉलीवर वापरण्याचा मोह काही जणांना होतो. ओली ट्रॉली, लोखंडी चौकट आणि २३० व्होल्ट हे एकत्र आणू नयेत.

विजेचा खप ही अडचण मुळीच नाही. १०० वॅटची मोटार १२ व्होल्टवर सुमारे ८ अँपिअर घेते. एकदा उघडून मिटण्यास दोन मिनिटे लागली, तर खर्च पाव अँपिअर-तासाच्या आसपास होतो. ७५ अँपिअर-तासांच्या बॅटरीला दिवसातून दहा वेळाही तो जाणवणार नाही.

अडचण वेगळीच आहे. ट्रॉली ट्रॅक्टरपासून सोडली की मोटारीची वीज गेली. शेतकरी ट्रॉली खरेदी केंद्रावर किंवा बाजारात उभी करून ट्रॅक्टर दुसऱ्या कामाला नेतो. नेमक्या त्या वेळी छताची गरज असते. म्हणजे ट्रॉलीवर स्वतंत्र बॅटरी, तिची पेटी आणि ती भरण्याची सोय आली. लहान सौर पॅनेलने ती भरता येते. पण चोरी आणि धूळ या दोन्हींचा विचार त्यात धरावा लागतो.

दुसरी अडचण वायरची. बॅटरीपासून मोटार ८ मीटर दूर असेल, तर जाऊन-येऊन १६ मीटर वायर होते. १ चौरस मिलिमीटरची वायर वापरल्यास ८ अँपिअरला जवळजवळ अडीच व्होल्ट वाटेतच खर्च होतात. मोटार मंद फिरते, तापते आणि कापड अर्ध्यावर अडकते. २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत हीच घट सुमारे १ व्होल्ट राहते. भरीस बॅटरीजवळच फ्यूज असावा आणि ट्रॅक्टर-ट्रॉलीमधील जोड झाकणाचा असावा. मोटार खराब निघाली अशी तक्रार येते, तेव्हा विस्तार कार्यकर्त्यांनी प्रथम वायरीची जाडी आणि जोडावरील गंज पाहावा.

कापड पूर्ण गुंडाळले की मोटार आपोआप थांबविणारी सोय नसेल, तर ती मोटार घेऊच नये. हँडल फिरविणाऱ्याच्या मनगटाला ताण कळतो. मोटारीला कळत नाही, ती कापड फाडून मोकळी होते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, मोटार बंद पडल्यास हाताने फिरविण्यासाठी पाइपच्या टोकाला चौकोनी किंवा षट्कोनी जोड असलाच पाहिजे. असा जोड नसलेले मोटारीचे छत किंमत कितीही कमी असली तरी नाकारावे.

वेळेची बचत किती?

मोटारीमुळे वेळ वाचतो असे सांगितले जाते. तो किती वाचतो, हे मोजून पाहणे सोपे आहे. समजा, प्रत्येक उघड-मिटीत एक मिनिट वाचला, दिवसात चार वेळा छत हलवले आणि वर्षात २०० दिवस वापर झाला. वर्षाला ८०० मिनिटे, म्हणजे साधारण १३ तास वाचले. आठ तासांची मजुरी ४०० रुपये धरली, तर ही बचत वर्षाला सुमारे ६७० रुपयांची होते. मोटार, बॅटरी, वायर आणि जोडणी यांचा वाढीव खर्च १५,००० रुपये धरल्यास केवळ वेळेच्या बचतीतून तो फिटायला २२ वर्षे लागतील. इतकी वर्षे ना मोटार टिकते, ना कापड. स्थानिक दरांनुसार आकडे बदलून प्रत्येकाने हा हिशेब स्वतः करावा. निष्कर्ष फारसा बदलणार नाही.

तरीही मोटारीला जागा आहे, आणि ती वेळेच्या हिशेबात नसून माणसाच्या हिशेबात आहे. भाजीविक्रीचे काम घरोघरच्या स्त्रिया करतात. छत्तीसगडप्रमाणेच भंडारा-गोंदियातही परंपरेने भाजीपाला पिकविणाऱ्या मरार समाजात हे विशेष दिसते. एकटी विक्रेती गिऱ्हाईक सांभाळताना वारा उठला, तर गल्ल्यावरून न उठता छत मिटविता येणे ही सोय खरी आहे. वयस्क शेतकरी, खांद्याचे किंवा गुडघ्याचे दुखणे असलेली व्यक्ती यांच्यासाठीही मोटारीचा खर्च अनाठायी म्हणता येणार नाही.

उंच भरलेल्या ट्रॉलीचे तर आणखी वेगळे आहे. कट्ट्यांच्या थप्पीवर चढून ओल्या ताडपत्रीचे दोर आवळताना पाय घसरणे हा खेड्यापाड्यांतील नेहमीचा अपघात आहे. माणसाला वर चढावे लागू नये, हाच गुंडाळी आच्छादनाचा सर्वांत मोठा लाभ. परंतु तो लाभ हँडलनेही पूर्ण मिळतो, कारण हँडल जमिनीवर उभे राहूनच फिरवायचे असते. साध्या ताडपत्रीवरून हँडलच्या आच्छादनाकडे जाणे ही मोठी झेप आहे. हँडलवरून मोटारीकडे जाणे ही त्यामानाने लहान पायरी आहे. पैसा कमी असेल तर तो पहिल्या झेपेवर खर्च करावा.

धान उत्पादकाने हँडलचे आच्छादन घ्यावे. त्यात दुमत होण्याचे कारण दिसत नाही. अवजारे भाड्याने देणाऱ्या केंद्रांनीही हँडलच पसंत करावे, कारण दहा हातांत फिरणाऱ्या वस्तूचे स्विच आणि जोड फार दिवस टिकत नाहीत. भाजीची ट्रॉली वर्षभर, रोज, एकाच व्यक्तीच्या ताब्यात असेल आणि तिच्यावर स्वतंत्र बॅटरी, दिवा, वजनकाटा यांची सोय आधीच असेल, तर मोटारीचे छत विचारात घ्यावे.

यात एक मधला मार्गही आहे. अनेक शेतांवर बॅटरीवर चालणारे ड्रिल असते. हँडलच्या जागी योग्य मापाचा दांडा बसवून त्या ड्रिलने पाइप फिरविता येतो. वेग सर्वांत कमी ठेवावा आणि शेवटची दोन-तीन वेटोळी हातानेच घालावीत, नाहीतर गिअरचे दाते लवकर झिजतात.

कापड आणि जोडणी

कापडाचा दर्जा यंत्रणेइतकाच, किंबहुना अधिक महत्त्वाचा आहे. विणलेल्या एचडीपीई ताडपत्रीसाठी भारतीय मानक आयएस ७९०३ आहे. त्याची खूण पाहून घ्यावे. रोज गुंडाळल्या जाणाऱ्या छतासाठी मात्र पीव्हीसीचा लेप दिलेले पॉलिस्टर कापड अधिक टिकते, कारण एचडीपीईला त्याच त्या घडीवर चिरा पडतात. भाजीसाठी वरून पांढरे किंवा चंदेरी कापड घ्यावे. गडद कापडाखाली सावली मिळते, पण उष्मा उतरत नाही. ओले कापड गुंडाळून ठेवावे लागले, तर दुसऱ्या दिवशी उघडून वाळवावे. अन्यथा बुरशी धरते.

नुकत्याच मळलेल्या, पुरेशा न वाळलेल्या धानावर आच्छादन रात्रभर गच्च ताणून ठेवू नये. आत वाफ कोंडून धान तापते. पाऊस नसेल तेव्हा दोन्ही टोकांना हवा खेळेल इतकी फट ठेवावी.

चौकट उभी करण्याच्या बाबतीत भिलाईचा शेतकरी सुदैवी आहे. पोलाद कारखान्याच्या आसऱ्याने वाढलेल्या औद्योगिक क्षेत्रात लोखंडाची कापणी-जोडणी करणारी वर्कशॉप जागोजागी आहेत. हँडलची गिअरपेटी, पाइपचे बेअरिंग किंवा वाकलेली कमान तेथे त्याच दिवशी दुरुस्त होऊ शकते. मोटारीच्या आतील भाग बिघडला तर विक्रेत्याची वाट पाहावी लागते. आपल्या तालुक्याच्या गावी कोणती दुरुस्ती होते आणि कोणती होत नाही, याची चौकशी किंमत विचारण्यापूर्वी करावी.

चौकट बसविताना ट्रॉलीची रुंदी वाढते हे विसरले जाते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९३ नुसार वाहनाची एकूण रुंदी सर्वसाधारणपणे २.६ मीटरच्या आत असावी लागते. गुंडाळलेला पाइप, त्याचे ब्रॅकेट आणि हँडल यांसह हे माप घ्यावे. वाहनाच्या मूळ रचनेत बदल करताना मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ लागू होते. म्हणून पक्की चौकट वेल्डिंग करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारणा करावी. उंचीचा प्रश्न तर जिवाशी आहे. शेतरस्त्यांवर वीजवाहिन्या अनेक ठिकाणी खाली लोंबलेल्या असतात. कमानींसह ट्रॉलीची उंची मोजून ती ट्रॉलीच्या पुढच्या फाळक्यावर रंगवून ठेवावी, म्हणजे भाड्याच्या चालकालाही ती कळते. तारांखाली ट्रॉली उभी करून आच्छादन उघडू नये, हँडलचेही नाही आणि मोटारीचेही नाही.

हँडल सुटे असल्याने ते हरवते. ट्रॉलीलाच साखळीने बांधावे आणि एक जादा हँडल ट्रॅक्टरच्या अवजारपेटीत ठेवावे. मोटारीचे छत असले तरीही. खरेदी हंगाम सुरू होण्यापूर्वी, ऑक्टोबरच्या अखेरीस, रिकाम्या ट्रॉलीवर छत पूर्ण उघडून बादलीने पाणी ओतून पाहावे आणि पाणी कोठे थांबते तेथे खडूने खूण करावी.